या चुका टाळा: वेगवान आउटबोर्ड बोट बसवताना आणि चालवताना

अमेरिकेत टेक्सास, टेनेसी, फ्लोरिडाकडच्या तळ्यांवर अठरा-वीस फुटी बोट, मागे दीडशे-दोनशे अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन, हा नेहमीचा देखावा आहे. जुन्या बाजारात अशी बोट वापरलेल्या मोटारीच्या भावात मिळून जाते. मोटार चालवता येते, मग ही का नाही, असं वाटतं. ताशी पन्नास मैलांपर्यंत ते खरंही ठरतं. साठच्या पुढे मात्र बोट डुलायला लागते आणि चालवणारा स्वतःच्या हाताला दोष देतो. वास्तविक निम्मी चूक आधीच, बोट ट्रेलरवर उभी असताना झालेली असते.

ॲलिसन, हायड्रोस्ट्रीम, बुलेट अशा बोटींचा तळ खोल व्ही आकाराचा असतो, पण मागच्या भागात व्हीचं टोक छाटून सपाट केलेलं असतं. ही सपाट पट्टी म्हणजे पॅड. रुंदी साधारण वीतभर. वेग चढला की बाकीची बोट पाण्याबाहेर निघते आणि सगळा डोलारा त्या पट्टीच्या मागच्या दोन-तीन फुटांवर आणि पंख्यावर तोलला जातो. (कोकणातले मच्छीमार प्रोपेलरला पंखाच म्हणतात, इथेही तोच शब्द वापरू.) पुढचं सगळं या वीतभर पट्टीशी जोडलेलं आहे.

स्टिअरिंगमधला खेळ तसाच ठेवणं

इंजिन बंद, बोट ट्रेलरवर. एकाने चाक घट्ट धरून ठेवायचं. दुसऱ्याने मागे जाऊन गिअरकेसच्या, म्हणजे पंखा बसवलेल्या इंजिनाच्या खालच्या भागाच्या, तळाचं पातं, म्हणजे स्केग, दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे ढकलायचा. चाक जागचं हललं नाही आणि स्केग पाव इंच जरी सरकला, तरी ही बोट वेगात नेऊ नये. एकेरी केबलच्या स्टिअरिंगमध्ये हा खेळ हमखास असतो. साठच्या पुढे जायचं असेल तर दुहेरी केबल किंवा हायड्रॉलिक हवं. हायड्रॉलिक असूनही चाक स्पंजासारखं लागत असेल, तर आत हवा आहे. तेल भरून हवा काढा, सांध्यांना गळती आहे का बघा. इंजिनाच्या बिजागऱ्यांची बुशिंगं झिजली असतील तर तिथेही तेवढाच खेळ निघतो, आणि लोक उगाच केबल बदलत बसतात.

लगेहाथ ट्रान्सम, म्हणजे ज्या फळीवर इंजिन टांगलंय तीही पाहा. जुन्या बोटींत फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. इंजिन अर्धं वर उचला, गिअरकेसवर अंगाचा भार द्या आणि दुसऱ्याला फळीच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. कड डेकपासून सुटून हलताना दिसली, बोल्टचे वॉशर फळीत रुतलेले असले, किंवा बोल्ट काढल्यावर तपकिरी पाणी ओघळलं, तर आधी फळी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकूनही कळतं: चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा भद्द.

तळही तपासा. पाच फुटी सरळ पट्टी ट्रान्समपासून पुढे तळाला टेकवा. मधे फट दिसली तर तळ आत वाकलाय, म्हणजे हूक आहे: बोट नाक खाली दाबून धरेल आणि वेग देणार नाही. ट्रेलरच्या आधाराच्या फळ्या ट्रान्समपर्यंत पोचत नसतील तर वर्षानुवर्षांच्या भाराने असा हूक पडतो. उलट पट्टी मधे टेकून टोकांना अधांतरी राहिली तर तळ फुगीर आहे, आणि अशी बोट बेडकासारखी उड्या मारत चालते.

इंजिनाची उंची नजरेने ठरवणं

हीच चूक सगळ्यात जास्त होते. "आधीच्या मालकाने असंच लावलं होतं" हे काही माप नव्हे. पद्धत सोपी आहे. सरळ पट्टी पॅडला टेकवून मागे गिअरकेसच्या बाजूने जाईल अशी धरा. पंख्याचा शाफ्ट पॅडला समांतर होईपर्यंत ट्रिम करा, म्हणजे बटणाने इंजिनाचा कोन बदला (ट्रिम आत म्हणजे पंखा ट्रान्समकडे, बाहेर म्हणजे ट्रान्समपासून दूर). आता पट्टीच्या पॅडला टेकलेल्या कडेपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. तो आकडा लिहून ठेवा.

गिअरकेस कंपनीतून आली तशी, म्हणजे पाणी ओढायची भोकं बाजूला असलेली असेल, तर शाफ्ट पॅडच्या साडेतीन-चार इंच खाली ठेवून सुरुवात करा. मग एका वेळी पाव ते अर्धा इंच वर घ्या. इंजिनाच्या ब्रॅकेटची भोकं पाऊण-पाऊण इंचावर असतात, त्यामुळे बारीक फरकासाठी जॅकप्लेट, म्हणजे ट्रान्सम आणि इंजिन यांच्यामधली वर-खाली सरकणारी प्लेट, लागते. जॅकप्लेट इंजिनाला काही इंच मागेही नेते. त्याने नाक सहज उचललं जातं खरं, पण वजनही मागे सरकतं आणि प्लेनवर यायला, म्हणजे पाणी कापायचं सोडून पाण्यावरून घसरत पळायला, बोट वेळ लावते.

उंची वाढली की गिअरकेसचा पाण्यातला भाग कमी होतो, ओढ कमी होते, वेग वाढतो. पण बाजूची भोकं पाण्याच्या पृष्ठभागाशी आली की पाण्याबरोबर हवाही ओढली जाते आणि इंजिन तापतं. म्हणून उंचीशी खेळण्याआधी पाण्याच्या दाबाचा काटा बसवा. तापमानाचा काटा बोलतो तेव्हा उशीर झालेला असतो. बहुतेक व्ही-6 इंजिनांना पूर्ण वेगात 10-12 पीएसआयच्या खालचा दाब चालत नाही. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात बघा. इंजिन त्याहून वर न्यायचं असेल तर गिअरकेसच्या टोकाला बसणारा, खालून पाणी घेणारा नोजकोन लागतो. नोजकोनचा दुसरा उपयोग ऐंशीच्या पुढे कळतो. त्या वेगात साध्या बोथट गिअरकेसच्या बाजूला पाणी टिकत नाही, पंख्याची पकड एकदम सुटते आणि बोट क्षणात आडवी फिरू शकते.

पंखा बदलायचा, पण हिशोब न करता

पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे जायला हवा तो आकडा. पिच एका इंचाने वाढवली की साधारण 150 ते 200 आरपीएम उतरतात. पूर्ण वेगातले आरपीएम इंजिनावर लिहिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ यायला हवेत. फार खाली राहिले तर इंजिन भाराखाली घुसमटतं. टू-स्ट्रोकला तर हे पिस्टनच्या जिवावर बेतणारं. कोकणातल्या फायबर होडीला जाळी आणि बर्फाचं ओझं ओढायचं असतं, तिला कमी पिच बरी. इथे हलकी बोट पळवायची आहे, म्हणून पिच जास्त.

घसरण, म्हणजे हिशोबाने यायला हवा तो वेग आणि खरा वेग यांतला फरक, काढायला शिका. आरपीएम गुणिले पिच, त्याला गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) गुणिले 1056 ने भागायचं. उत्तर ताशी मैलांत येतं. समजा 5800 आरपीएम, 24 पिच, रेशो 1.87. उत्तर सुमारे 70.5 मैल. जीपीएसवर मिळाले 64, म्हणजे ताशी 103 किलोमीटर. घसरण झाली 9 टक्के. पॅडवर चालणाऱ्या बोटीला 8 ते 12 टक्के उत्तम. 15-20 च्या वर गेली तर इंजिन जास्त वर आहे, पंखा वाकलाय किंवा हबची रबरी बुशिंग सरकतेय. 5 च्या खाली आली तर खूश होऊ नका, आधी टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा काटा, तपासा. आणि वेग कायम जीपीएसवरच मोजा. डॅशबोर्डवरचा पाण्याच्या दाबावर चालणारा काटा मालकाला खूश ठेवतो.

ॲल्युमिनियमचा पंखा भाराखाली वाकतो, त्यामुळे या कामाला स्टेनलेसच. तीन पाती नाक उचलतात आणि वरचा वेग देतात. चार पाती मागचा भाग उचलून धरतात आणि वळणात पकड सोडत नाहीत. शिकताना चार पातींचा पंखा हाताला सोपा जातो, वरचे दोन-तीन मैल गेले तरी.

उंची, पंखा, बॅटरीची जागा यांतलं एका वेळी एकच बदला. तिन्ही एकदम बदलले की बोट सुधारली तरी कशाने, ते कळत नाही.

डुलणारी बोट जोर लावून सरळ करणं

याला चाइन वॉक म्हणतात. आधी चाकात हलकी थरथर लागते, मग बोट डाव्या कडेवर कलते, उजव्या कडेवर येते, पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक फेरीत जास्त. पंखा उजवीकडे फिरणारा असेल तर त्याची उलट पीळ बोटीची डावी बाजू खाली दाबते. म्हणूनच या बोटींत चालकाची जागा उजवीकडे असते. डावीकडे वजनदार पाहुणा बसला की कालपर्यंत शहाणी असलेली बोट आज डुलते, ते यामुळे.

चूक काय होते? बोट कलल्यावर माणूस चाक फिरवतो. त्याचा परिणाम पोचेपर्यंत बोट परत उलट निघालेली असते, आणि ती सुधारणा धक्का बनून डुलणं वाढवते. स्टिअरिंगमध्ये खेळ असेल तर उशीर आणखी वाढतो. करायचं ते असं: चाक ज्या बाजूला ओढतं त्याच्याविरुद्ध सतत हलका दाब ठेवा, म्हणजे उरलासुरला खेळ एका बाजूला बसलेला राहतो. थरथर लागताच चाक बोटभर हलवा, त्याहून जास्त नाही. तिसरा हेलकावा मोठा वाटला तर ट्रिमचं बटण टिचकी मारल्यासारखं दाबून ट्रिम किंचित आत घ्या आणि रेस थोडी उतरवा. रेस एकदम सोडणं सगळ्यात वाईट: नाक धाडकन खाली येतं, पुढचा व्ही पाण्यात रुततो आणि बोट तिथल्या तिथे गर्रकन फिरते. दोन्ही हात चाकावर राहावेत म्हणून पायाचा थ्रॉटल आणि चाकाशेजारी ट्रिमचं बटण बसवून घ्या. एका हाताने लीव्हर धरून ऐंशीला जाणं म्हणजे दैवावर हवाला.

सरावाला बारीक लहरी असलेलं पाणी निवडा. आरशासारख्या पाण्यात तळ चिकटतो आणि पृष्ठभाग किती खाली आहे तेही डोळ्यांना कळत नाही. डुलणं सुरू होतं तो वेग गाठा, दोन मैल खाली या, पुन्हा गाठा. ते हाताला बसलं की पाच मैल वर.

वळण, वारा आणि दोरी

वळण्याआधी रेस उतरवा आणि ट्रिम आत घ्या, मगच चाक. ट्रिम बाहेर ठेवून वळलात तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि पकड सुटून मागचा भाग घसरतो. समोरून वारा असेल तर तोच ट्रिम जास्त उचल देतो: सत्तरच्या वेगात वीसचा वारा समोरून आला, तर तळाखाली नव्वदचा वारा शिरतोय. वाऱ्याकडे तोंड करताना ट्रिम कमी करा, नाहीतर नाक उचलून बोट उताणी होऊ शकते.

किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी, दोरी लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला किंवा मांडीला बांधा, बर्म्युडाच्या खिशाला नाही. 26 फुटांपेक्षा लहान बोट प्लेनवर असताना अमेरिकेच्या केंद्रीय अखत्यारीतल्या पाण्यावर 1 एप्रिल 2021 पासून, काही अपवाद सोडता, ती कायद्यानेच सक्तीची आहे. चालक बाहेर फेकला गेला की सुटं स्टिअरिंग पंख्याच्या जोराने एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरून त्याच माणसावर परत येते. दर वेळी निघण्याआधी इंजिन मंद चालू असताना दोरी एकदा ओढून पाहा. इंजिन बंद पडलं नाही, तर बोट परत ट्रेलरवर.