मनोरीच्या किनाऱ्यावर येशूसोबत एक सकाळ

शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना एकांतात थोडा विसावा घ्यायला बोलावले (मार्क ६). ते तारवात बसून निघाले, पण पैलतीरावर लोक आधीच धावत पोहोचले होते. म्हणजे त्या दिवशी निवांतपणा मिळाला तो पाण्यावरच. मुंबईकर ख्रिस्ती माणसाने हे ध्यानात ठेवून मनोरीच्या किनाऱ्यावर एकांतात प्रार्थनेला निघावे. मालाडहून मार्वे जेट्टीची बस, मग मनोरीची फेरीबोट. खाडी ओलांडायला काही मिनिटेच लागतात, पण त्या मिनिटांत मोबाईल काढू नका. विसावा तिथूनच सुरू होऊ द्या.

रविवार टाळा. त्या दिवशी किनाऱ्यावर सहलींची गर्दी असते आणि आपली जागा मंडळीच्या उपासनेत किंवा मिस्सेत असते. आठवड्यातली एक रजा काढा.

तिथी पाहूनच दिवस ठरवा. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणून सकाळी सहा-सातला ओहोटीची लांबरुंद ओली वाळू मिळते. पुढे रोज भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. उधाणाच्या दिवसांत पाणी झपाट्याने चढते, तेव्हा खडकांवर बसू नका. पावसाळ्यात समुद्र टाळलेलाच बरा. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान हा दुसरा पर्याय. ते सोमवारी बंद असते, आणि बिबट्यांचा वावर असल्याने मळलेली वाट सोडून एकट्याने आत शिरू नये.

सोबत लिटरभर पाणी, दोन पोळ्या, टोपी आणि बसायला चटई घ्या. स्तोत्र १३१ स्वतःच्या हाताने कागदावर लिहून न्या. त्यात तीनच वचने आहेत. मोबाईलमधले बायबल नको, कारण त्याच पडद्यावर ऑफिसचा निरोपही येतो. कुठे जाताय आणि किती वाजता परतणार, हे घरच्यांना सांगून निघा.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास काहीच करू नका. या वेळात डोक्यात कर्जाचा हप्ता, मुलांची फी, कुणाचे टोचलेले बोलणे असे सगळे वर येते. बहुतेक जण इथेच घाबरून विनंत्यांची यादी वाचायला घेतात आणि प्रार्थनेचेही काम होऊन बसते. डोळा लागला तर लागू द्या. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले आणि परत झोपू दिले. होरेब डोंगरावरची देवाची मंद वाणी त्याने त्यानंतर ऐकली.

मग एकच गोष्ट जवळून पाहा. ओहोटीच्या वाळूत बारीक खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडत जातात. त्यातले खाण्याजोगे तेवढे काढून घेतात, उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतात. तुम्ही हललात की क्षणात बिळात. पुरती दहा मिनिटे स्तब्ध बसलात तरच ते परत बाहेर येतात. आकाशातल्या पाखरांकडे पाहा म्हणणाऱ्या प्रभूला हेच पाहणे अपेक्षित असावे. फोटो काढू नका. मोबाईल हातात आला की पाहणे थांबते.

आता स्तोत्र मोठ्याने, सावकाश वाचा. जो शब्द अडवेल तिथे थांबा. या स्तोत्रातले दूध तुटलेले बाळ आईजवळ काही मागत नाही, तिच्यापाशी नुसते असते. तेवढेच असणे पुष्कळ आहे. निघण्यापूर्वी दोन-तीन ओळींत देवाचे आभार लिहा.

मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर एकटे जाऊ नका. पाळकांना, फादरांना किंवा घरच्या कुणाला सोबत घ्या आणि डॉक्टरांनाही भेटा.

कधी गाणी लावून एखादा गट अगदी शेजारी येऊन बसेल. चिडचिड न करता थोडे पुढे सरका. तेही नाही जमले, तर परतीची फेरीबोट आहेच. मालाड स्टेशन येईपर्यंत मोबाईल बंदच ठेवा आणि पुढची तारीख बोटीतच ठरवा, तिथी पाहून.