विज्ञान प्रकल्पात मुलं अडली की स्क्रूड्रायव्हर उचलू नका. या चुका टाळा

"सर, कोडच गंडलाय." माती सुकली की आपोआप पाणी सोडणारा पंप मुलांनी बनवला होता. काही दिवस छान चालला, मग कुंडीत चिखल झाला तरी सेन्सर ‘कोरडी’ म्हणू लागला. दोन दिवस कोड उलटासुलटा तपासून झाला. शेवटी एका मुलीने सेन्सर उपटून धुतला. एक पाय पार खाल्लेला, दुसरा जवळपास नवा! सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज असली की ओल्या मातीत धन टोकाचा धातू विरघळत जातो. म्हणजे विद्युत अपघटन. उपाय मुलांनीच काढला: रीडिंग घेण्यापुरतीच सेन्सरला वीज द्यायची.

मी स्वतः हात घातला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं, आणि रसायनशास्त्र त्या कुंडीत उतरलंच नसतं. शिक्षकांची सगळ्यात महागडी चूक हीच.

‘तू कोड, तू जोडणी, तू तक्ता’ अशी कायमची वाटणीही नको. विषय एकत्र येण्याऐवजी मुलांमध्ये वाटले जातात. कामं आलटून पालटून द्या.

पंप कोणत्या रीडिंगला सुरू करायचा याचा इंटरनेटवरून उचललेला आकडा हा आणखी एक सापळा. अर्डुइनो उनो (सेन्सर आणि पंप ज्याला जोडतो तो कोडवर चालणारा छोटा बोर्ड) 0 ते 1023 मधलं रीडिंग देतो. ती ओलाव्याची टक्केवारी नव्हे. माती वाळवून तोला, मोजून पाणी घालत जा, प्रत्येक वेळी रीडिंग लिहा आणि आलेख काढा. कंटाळवाणं आहे खरं, पण पंप कधी सुरू करायचा हे त्या आलेखावरूनच ठरतं.

पंप थेट बोर्डच्या पिनला, म्हणजे तार जोडायच्या टोकाला, जोडू नका. पिनवर 20 मिलिअँपिअरच्या आतच राहावं. पंपाला त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. मध्ये ट्रान्झिस्टर (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), पंपाला वेगळी बॅटरी, दोन्हीकडचा ग्राउंड (ऋण टोक) एकत्र आणि मोटर बंद होताना येणाऱ्या उलट झटक्यासाठी तिच्यावर उलटा डायोड. पंप सुरू होताच बोर्ड रीसेट होत असेल, तर कोड सोडा, आधी व्होल्टेज मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

बॅटरी तापली किंवा वास आला, तर मात्र मुलांच्या शोधाची वाट पाहू नका. आधी वीज तोडा.

आणि गुण फक्त चालणाऱ्या मॉडेलला दिलेत, तर मुलं बिघाड लपवायला शिकतात. त्या गटाने खाल्लेला सेन्सर वहीत चिकटवून खाली तारीखवार रीडिंग लिहिली होती. पंपापेक्षा जास्त गुण मी त्या पानाला दिले.