लॉन ट्रॅक्टरला पुढे ब्लेड लावताना या चुका टाळा

न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरावर सरोवरांकडून येणाऱ्या ढगांमुळे वर्षाला सरासरी तीन मीटरहून अधिक बर्फ पडतो. त्या पट्ट्यात राहायला गेल्यावर, उन्हाळ्यात गवत कापणाऱ्या लॉन ट्रॅक्टरलाच हिवाळ्यात पुढे बर्फ ढकलायचे ब्लेड जोडावे, हा विचार पहिल्याच नोव्हेंबरात सुचतो. विचार योग्य आहे. मात्र सांगली-कोल्हापूरकडे शेतात ट्रॅक्टर चालवलेल्या आपल्या माणसाची येथे हमखास फसगत होते. गावाकडचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, तर २० अश्वशक्तीचा लॉन ट्रॅक्टर साधारण दोनशे किलोचा असतो. इंजिनात जोर असला तरी मागच्या चाकांवर भार नसेल, तर ती जागच्या जागी फिरत राहतात.

म्हणून ब्लेड विकत घेऊन साखळ्या आणि वजने ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देणे ही पहिली चूक होय. हिरवळ खराब होऊ नये म्हणून या ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी उथळ ठेवलेली असते आणि ती बर्फात क्षणात भरून जाते. साखळ्या दोन्ही मागच्या चाकांना लावाव्यात आणि आडव्या कड्या दाट असलेल्याच घ्याव्यात, कारण विरळ कड्यांमधल्या जागेत टायर बसला की चाक घसरते आणि ट्रॅक्टर उड्या मारत चालतो. वजने चाकांना किंवा मागच्या बाजूला बांधावीत. टायरमध्ये द्रव भरायचा असेल, तर साधे पाणी भरू नये, ते गोठते.

गिअरबॉक्सची चूक अधिक महाग पडते. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाके फिरवणारा गिअरबॉक्स गवत कापताना फारसा ताणला जात नाही, पण ओला, जड बर्फ अर्धा तास ढकलल्यावर त्यातील तेल तापून पातळ होते आणि ओढ कमी होते. त्या वेळी पेडल आणखी दाबणे म्हणजे आगीत तेल ओतणे. बिघाड कुठे आहे, हे बसल्या जागेवरून बरेचसे ओळखता येते. चाके फिरत असूनही ट्रॅक्टर पुढे सरकत नसेल, तर पकड कमी पडते आहे. इंजिन नीट चालू असून चाकेच थांबत असतील, तर दोष इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपर्यंत नेणाऱ्या पट्ट्यात किंवा गिअरबॉक्समध्ये आहे. सुरुवातीलाच चीं-चीं आवाज येऊन ओढ तुटली, तर पट्टा भिजलेला किंवा सैल असण्याची शक्यता जास्त. काम रंगात आल्यावर ओढ हळूहळू ओसरली, तर गिअरबॉक्स तापला आहे. अशा वेळी इंजिन बंद करून तो थंड होऊ द्यावा, आणि त्याला थंड ठेवणाऱ्या पंख्यात व पात्यांत उन्हाळ्यातले गवत अडकलेले नाही ना, हे पाहावे. बहुतेक वेळा ते अडकलेले असतेच.

ढिगाऱ्यांची जागा आधी ठरवावी. पहिल्या हिवाळ्यात मी बर्फ ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीवाटेच्या, कडेलाच सोडत गेलो. ते ढिगारे गोठून घट्ट झाले आणि जानेवारीपर्यंत दोन गाड्यांच्या वाटेत एकच गाडी कशीबशी मावू लागली. पहिला बर्फ शक्य तितका लांब, हिरवळीच्या आत ढकलावा. तो सार्वजनिक रस्त्यावर लोटणे न्यूयॉर्कमध्ये बेकायदेशीर आहे.

नगरपालिकेचा बर्फ हटवणारा नांगर ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध टाकून जातो, त्यावर वेगाने धडक मारू नये. त्यात गोठलेली ढेकळे असतात आणि ब्लेडची चौकट वाकते. नांगर गेल्यावर लगेच, ब्लेड तिरके करून, अर्ध्या रुंदीचे घास घेत तो बांध कापत जावे. ब्लेडच्या मागच्या स्प्रिंग अडथळा आल्यावर ब्लेडला झुकू देण्यासाठी असतात. ब्लेड सारखे झुकते म्हणून त्या करकचून आवळल्या, तर धक्का थेट चौकटीला बसतो. खडीच्या वाटेवर ब्लेडला जमिनीपासून थोडे वर धरणारे खालचे जोडे खाली सोडावेत, नाहीतर वसंतात सगळी खडी हिरवळीवर सापडते.

मातीच्या बाबतीत अपेक्षा आणखी कमी ठेवाव्यात. सुटी माती, कंपोस्ट किंवा टाकलेली खडी पसरवण्यापुरतेच हे ब्लेड उपयोगी आहे. बसलेली जमीन ते खोदत नाही, उलट पुढची चाके उचलली जाऊन सुकाणू हलके होते. जमीन आधी टिलरने भुसभुशीत करून घ्यावी आणि त्याच्या काही दिवस आधी ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या गॅस व विजेच्या वाहिन्यांवर मोफत खुणा करून घ्याव्यात. मग दोन-तीन सेंटिमीटरचेच थर घ्यावेत आणि शेवटचा हात ब्लेड उलटे ओढून फिरवावा, म्हणजे चाकांचे चरे बुजतात.