अक्षरं हातात, शब्द सापडेना: वर्ड गेममधल्या या चुका टाळा

शब्द शोधून देणाऱ्या साइटवर अक्षरं टाकली आणि ‘एकही शब्द नाही’ असं उत्तर आलं, की आपण साइटला नावं ठेवतो. बहुतेक वेळा साइट बरोबर असते, आपण विचारलेलंच चुकलेलं असतं.

सगळ्यात जास्त घोळ करड्या चौकोनाचा. वर्डल म्हणजे सहा संधींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ. अक्षर हिरवं झालं तर जागेवर आहे, पिवळं झालं तर शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, करडं झालं तर नाही. हे करडं झालेलं अक्षर लोक डोळे झाकून ‘नको असलेली अक्षरं’ या रकान्यात टाकतात. एरवी ते बरोबरच आहे, पण एकच अक्षर दोनदा आलं की फसगत होते. समजा उत्तर आहे ‘अबाइड’, म्हणजे ए-बी-आय-डी-ई, आणि तुम्ही टाकलंत ‘स्पीड’, एस-पी-ई-ई-डी. डी पिवळा होईल, पहिला ई पिवळा होईल आणि दुसरा ई करडा. या करड्या ईचा अर्थ ‘शब्दात ई नाही’ असा नसतो, ‘ई एकच आहे, दुसरा नाही’ असा असतो. तो नकोच्या रकान्यात गेला की खरं उत्तर तिथल्या तिथे बाद. तोच ई हवाही आणि नकोही, असं सांगितल्यावर साइट तरी काय देणार? अशा वेळी ई नकोमध्ये टाकू नका. तिसऱ्या आणि चौथ्या जागी तो नाही, एवढंच भरा.

त्याआधी कीबोर्ड बघा. दिवसभर घरच्या ग्रुपवर मराठी टाइप केलेलं असतं, मग वर्ड फाइंडर उघडल्यावर ‘टी-ए-आर’ टाकायला जावं तर ‘तार’ उमटतं. शिवाय सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड शेवटी एक स्पेस सोडतो. काही साइट ती स्पेस ब्लँक टाइल (स्क्रॅबलमधली कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी कोरी सोंगटी) समजतात आणि भलतीच लांबलचक यादी फेकतात.

रकान्यांचे अर्थही साइटगणिक बदलतात. ‘आर-टी असलेले शब्द’ म्हटल्यावर एखादी साइट ही अक्षरं लागून आलेलेच शब्द देते: पार्टी, कार्ट, शर्ट. दुसरी साइट टायगर आणि वॉटरही देते, कारण दोन्ही अक्षरं कुठेतरी असली की तिला पुरतं. नमुना शोधताना साधारणपणे प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक अक्षर आणि स्टार म्हणजे कितीही अक्षरं. स्क्रॅबलच्या रकान्यात मात्र तेच प्रश्नचिन्ह ब्लँक टाइल असतं. स्क्रॅबलचा फाइंडर स्पेलिंग बी या दिलेल्या अक्षरांतून शब्द बनवायच्या खेळासाठी वापरणं ही आणखी एक चूक. स्पेलिंग बीत एकच अक्षर हवं तितक्यांदा घेता येतं, स्क्रॅबलचा फाइंडर ते एकदाच घेतो. त्यामुळे निम्मे शब्द दिसतच नाहीत आणि आपल्याला वाटतं यादी संपली.

आता खास आपली, मराठी माणसाची चूक: कानाने शोधणं. मराठीत बहुतेक जसं बोलतो तसं लिहितो, म्हणून ‘नाइफ’ आपण एनखाली धुंडाळतो आणि ‘साम’ (म्हणजे स्तोत्र) एसखाली, जेव्हा एकाची सुरुवात के-एनने आहे आणि दुसऱ्याची पी-एसने. ‘फ’ हवा म्हटल्यावर एफ आठवतो, पण फोनमधला पी-एच आणि रफमधला जी-एच राहून जातात. स्वर संपले की हात टेकू नका. मिथ, लिम्फ, क्रिप्ट हे शब्द नुसत्या वायवर उभे आहेत.

क्यूचं तर आपण उगाच दडपण घेतो. स्क्रॅबलमध्ये क्यूची टाइल एकच, दहा गुणांची, आणि यू हाती नसला की ती धोंड वाटते. पण मुंबईत वाढलेल्या माणसाने क्यूला घाबरावं हे मला पटत नाही. फकीर, तलाक, कव्वाली हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत, आणि कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत, म्हणजे स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या एका मान्य यादीत, त्यांची यू नसलेली, क्यूची स्पेलिंग चालतात: एफ-ए-क्यू-आय-आर, टी-ए-एल-ए-क्यू. निकड असेल तर नुसतं क्यू-आयसुद्धा पुरतं.

कानाने शोधायची सवय सापळ्यातही अडकवते. वर्डलमध्ये शेवटची चार अक्षरं ए-टी-सी-एच हिरवी झाली, की मनात कॅच, मॅच, बॅच, हॅच, लॅच, पॅच येतात आणि ‘वॉच’ सुटतो, कारण त्याचा उच्चार वेगळा. बरं, सगळे आठवले तरी एकेक करून टाकायला सहा संधी कुठे पुरणार! इथे ‘क्लॅम्प’ टाका, सी-एल-ए-एम-पी. एल, एम किंवा पी पिवळा झाला तर अनुक्रमे लॅच, मॅच किंवा पॅच. सी हिरवा झाला तर कॅच. सी नुसता पिवळा आणि बाकी तिघे करडे, तर उरतात बॅच, हॅच आणि वॉच. एका चालीत चार शब्दांचा निकाल. फक्त हार्ड मोड चालू असेल तर ही चाल खेळता येत नाही, कारण मिळालेलं हिरवं अक्षर जागचं हलवता येत नाही.

यादीतला विचित्र शब्द टाकून संधी घालवणारेही बरेच. वर्डल २०२१मध्ये लोकांसमोर आला तेव्हा अंदाज म्हणून चालणारे शब्द १२,०००च्या वर होते आणि उत्तरं म्हणून ठेवलेले जेमतेम २,३००. म्हणून ओळखीचा शब्द आधी. आणि स्पेलिंग अमेरिकन धरा: २०२२च्या सुरुवातीला ‘फेव्हर’ आणि ‘ह्यूमर’ यू गाळून आले, तेव्हा ब्रिटिश वळणावर वाढलेले सगळे वैतागले होते.

उरला डिक्शनरीचा वाद, जो सोसायटीच्या गणपतीतल्या स्क्रॅबल स्पर्धेत हमखास होतो. एक जण माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून घेतलेली जुनी डिक्शनरी काढतो, दुसरा मोबाइल. ती स्क्रॅबलची जुनी डिक्शनरी असेल तर तिच्यात ‘ओके’ मिळणार नाही. स्क्रॅबलच्या कॉलिन्स यादीत तो २०१९मध्ये आला. झेड-ओ कॉलिन्समध्ये चालतो, अमेरिकन यादीत नाही. साध्या डिक्शनरीत तर अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपं वेगळी दिलेलीच नसतात, म्हणून ‘पुस्तकात नाही’ म्हणजे ‘चुकीचा’ असं ठरवू नका. कुठली यादी धरायची ते पहिली टाइल उचलण्याआधी फळ्यावर लिहून टाका आणि मोबाइलवरच्या ॲपच्या सेटिंगमध्येही तीच निवडा. विशेषनामं मात्र कुठल्याच यादीत चालत नाहीत, त्यामुळे ‘मुंबई’ लावून कोणी गुण मागायला आला तर परत पाठवा.