फायबरच्या टाकीला काय होतंय? एफआरपी टाकी सांभाळताना या चुका टाळा

"फायबरची टाकी आहे, तिला काय होतंय" हे वाक्य मेंटेनन्समध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हटलं की मी आधी टॉर्च शोधतो. लोखंडी टाकी निदान सांगून खराब होते, पापुद्रे सुटतात, गंजाचे ओघळ येतात, कुणीतरी बोंब मारतं. एफआरपीचं, म्हणजे काचेचे धागे रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या चिकट प्लॅस्टिकमध्ये) बसवून केलेल्या टाकीचं, तसं नसतं, बाहेरून रंग चकाचक आणि आतला रेझिनचा थर कधीच संपलेला, आणि ज्या दिवशी बाहेरून ओल दिसते त्या दिवशी आधीच बराच उशीर झालेला असतो.

कारण ही भिंत आरपार एकसारखी नसते. सगळ्यात आत पाव ते अर्धा मिमी टिश्यूचा (पातळ जाळीदार पडद्याचा) थर, त्यात जवळपास ९० टक्के रेझिनच, त्याच्यामागे साधारण २ ते २.५ मिमी मॅट (काचेच्या धाग्यांची चटई), आणि मग ताकदीचा भाग ज्यात काच जास्त आणि रेझिन कमी. केमिकलला अडवायचं काम पहिल्या दोन-तीन मिमीचं, बाकीची जाडी वजन पेलण्यासाठी. आतला थर फुटून अॅसिड एकदा काचेच्या धाग्यापर्यंत पोचलं की दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते धाग्याधाग्याने पुढे सरकत राहतं. म्हणून "एवढी जाड आहे, टिकेल" या हिशोबाला काही अर्थ नाही.

पान्याने ठोकून लेव्हल बघणं

ही सगळ्यात वाईट सवय आणि सगळीकडे असते. लेव्हल गेज बंद पडलं की कुणीतरी पाना नाहीतर हातोडी घेतं आणि टाकीवर ठक ठक करत आवाजावरून अंदाज घेतं. बाहेर ओरखडासुद्धा येत नाही, पण फटका बसलेल्या जागेच्या बरोबर मागे, आतल्या कडक थराला चांदणीसारखी बारीक तड जाते, मधे एक ठिपका आणि त्यातून चार-पाच रेषा फुटलेल्या. एका टाकीत शटडाऊनला उतरलो तेव्हा कंबरेच्या उंचीवर अशा चांदण्या ओळीने बसलेल्या दिसल्या, म्हणजे रोज एकच माणूस एकाच जागी उभा राहून ठोकत होता हे न विचारता कळलं. शिडी टेकवताना, फोर्कलिफ्टचा धक्का लागला तर, वर काम करताना पाना खाली पडला तर, हेच होतं. धक्का लागला तर लपवू नका, बाहेरून खडूने गोल करून तारीख टाका, पुढच्या वेळी आतून नेमकी तीच जागा बघता येते.

लीक आहे? आवळा अजून!

फ्लॅंजमधून (पाइप जोडायच्या बोल्टवाल्या कडीतून) थेंब पडला की फिटरचा हात आपोआप पान्याला पाइप लावण्याकडे जातो. लोखंडी फ्लॅंजवर चालून जातं, एफआरपीवर मात्र फ्लॅंजच्या मानेत तडा जातो, आणि मग थेंबाची धार होते. बहुतेक वेळा मूळ दुखणं वेगळंच असतं: गॅस्केट (दोन फ्लॅंजमधली सीलची चकती) फार कडक आहे, किंवा समोरचा व्हॉल्व्ह उठावदार फेसचा असल्यामुळे एफआरपी फ्लॅंजचा बाहेरचा भाग अधांतरी राहतो आणि बोल्ट आवळला की तो वाकतो. गॅस्केट पूर्ण फेसचं, साधारण ३ मिमी जाड, मऊ रबराचं हवं (कडकपणाचं माप शोअर, ते ६० ते ७०), अर्थात रबर त्या केमिकलला चालणारं. बोल्टखाली वॉशर दोन्हीकडे, आणि आवळायचं ते समोरासमोर, थोडं थोडं, टॉर्क रेंचनेच, टाकी बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत. त्या आकड्यालाही थेंब थांबत नसेल तर पाना खाली ठेवा, लाइन खोला, फेस सरळ आहेत का बघा.

आणि हो, नोझलवर (टाकीला पाइप जोडायच्या तोंडावर) व्हॉल्व्ह आणि पाइप टांगून ठेवू नका. पाइपला स्वतःचा सपोर्ट आणि मधे बेलो (लवचीक जोड) हवा. भरल्यावर टाकी थोडी फुगते, उन्हात वाढते, पंप चालू असला की थरथरते, हे सगळं त्या एका नोझलच्या बुडाशी जाऊन साचतं. तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर सपोर्ट आधी, रिपेअर नंतर.

व्हेंटकडे कुणी बघतच नाही

वर चढायचा कंटाळा, दुसरं काय. व्हेंटमध्ये (हवा आत-बाहेर जायच्या वरच्या तोंडात) घरटं होतं, जाळीवर मीठ जमतं, किंवा रंगकामाच्या वेळी पॉलिथिन बांधलं ते सोडायचंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी पंप चालू केला की टाकी आत खेचली जाते. उलटा प्रकार टँकर रिकामा करताना होतो. टँकर हवेच्या प्रेशरने खाली करत असाल तर शेवटचं लिक्विड संपलं की मागची सगळी हवा एकदम होजमधून टाकीत घुसते, आणि व्हेंट लहान असेल तर जाणार कुठे? ३ मीटर व्यासाच्या टाकीच्या छताचं क्षेत्रफळ सात चौरस मीटरच्या थोडं वर, त्यावर फक्त ०.१ किलो (दर चौरस सेंमीला) प्रेशर म्हणजे वर ढकलणारा जोर सात टन. १० किलोच्या गेजवर हा आकडा नीट दिसतही नाही, पण एवढ्यात छताचा जोड सुटतो नाहीतर बुडाची कड उचलली जाते. म्हणून व्हेंट मोठं हवं, आणि टँकर संपत आला की हवा कमी करायला व्हॉल्व्हपाशी माणूस उभा हवा, केबिनमध्ये चहा पीत नको. व्हेंट महिन्यातून एकदा बघा, पक्ष्यांच्या घरट्याच्या दिवसात आठवड्याला.

पावसाळा, ऊन, थंडी

पावसाळ्यात डाइकचा (टाकीभोवतीच्या कठड्याचा) ड्रेन व्हॉल्व्ह बंद ठेवायचा असतो, ते बरोबरच आहे, पण साचलेलं पाणी तपासून काढायचं कुणाच्या ड्युटीत लिहिलेलं नसतं. मग तीच ३ मीटरची टाकी रिकामी असताना डाइकमध्ये ३० सेंमी पाणी साठलं तर तिला वर उचलणारा जोर दोन टनाच्या वर जातो, आणि रिकाम्या एफआरपी टाकीचं वजन बऱ्याचदा त्याच्यापेक्षा कमी भरतं. टाकी तरंगली की सगळे नोझल एकदम गेले. जोराचा वारा पण रिकाम्या टाकीलाच हलवतो. होल्डिंग बोल्ट त्याचसाठी असतात, पण ते गच्च आवळायचे नसतात, टाकीला भरता-रिकामी होताना थोडी हालचाल लागते. किती फट ठेवायची ते ड्रॉइंगवर असतं. पाणी काढल्यावर बुडाची कड, म्हणजे भिंत आणि तळ मिळतो तो गोलावा, हात फिरवून बघा. खालचं ग्राउट (तळाखालचा सिमेंटचा भराव) धुऊन पोकळी झाली असेल तर भरलेल्या टाकीचा सगळा ताण त्या गोलाव्यावर येतो, आणि तिथली भेग म्हणजे सरळ टाकी रिकामी करायची, चर्चा नंतर.

उन्हाने बाहेरचा टॉपकोट हळूहळू खाल्ला जातो, मग काचेचे धागे उघडे पडतात, हात लावला की खाज सुटते. हे दिसायला किरकोळ वाटतं, पण वरून ओव्हरफ्लो झालेलं अॅसिड त्याच उघड्या धाग्यांतून बाहेरून आत शिरतं. सांडलं की लगेच धुवा आणि यूव्हीवाला कोट वेळेवर मारा. हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइटच्या) टाकीला ऊन दुप्पट महाग पडतं, कारण उष्णतेने हायपो स्वतःच विघटित होतो.

थंडीत ५० टक्के कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) साधारण १२ डिग्रीच्या आसपास गोठायला लागतं, लाइन चोक होते, आणि मग कुणीतरी स्टीमचा होज आणून थेट नोझलवर धरतं. असं अजिबात करू नका, एका जागी एवढी उष्णता दिली की रेझिन मऊ पडतं आणि थर सुटतो. हीट ट्रेसिंग (लाइन गरम ठेवायची सोय) आधीच करून ठेवा.

केमिकल बदललं आणि कुणाला सांगितलं नाही

टाकी रिकामी होती म्हणून दुसरं भरलं, असं सहज होतं. पण पाण्यासारख्या हलक्या लिक्विडसाठी बनवलेल्या टाकीत ५० टक्के कॉस्टिक भरलं तर त्याची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.५ च्या वर, म्हणजे तेवढ्याच लेव्हलला भिंतीवर दीडपट ताण. शिवाय कॉस्टिक आणि हायड्रोफ्लोरिक अॅसिड काचच खातात, त्यांना आत सिंथेटिक टिश्यू लागतो. सल्फ्युरिक अॅसिड ७० टक्क्यापर्यंत विनाइल एस्टर रेझिनमध्ये चालतं म्हणून ९८ टक्के पण चालेल असं धरून चालू नका, ते रेझिन जाळून काळं करतं. रेझिन बनवणाऱ्याच्या चार्टमध्ये केमिकल, टक्केवारी आणि तापमान तिन्ही जुळलं तरच हो म्हणायचं.

आत उतरल्यावर

नवी टाकी वर्षभरात एकदा आतून बघाच, पुढचं अंतर जे दिसेल त्यावर ठरवा. उतरण्याआधी सगळ्या लाइनला ब्लाइंड (लाइन बंद करणारी चकती), हवा खेळती, ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, बाहेर एक माणूस आणि परमिट. यात "दोनच मिनिटं जाऊन येतो" चालत नाही. पायात मऊ तळव्याचे बूट, शिडीच्या पायांना रबर, आणि गाळ काढायला लोखंडी खोरं किंवा वायर ब्रश अजिबात नको.

टॉर्च भिंतीवर समोरून मारून फारसं काही दिसत नाही, भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा, मग फोड आणि भेगा सावली टाकतात. एचसीएलच्या (हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या) टाकीत हिरवट रंग दिसला म्हणून लगेच घाबरू नका, नुसत्या रंगावरून निकाल लागत नाही. बारकोल गेजने कडकपणा मोजा, एका जागी दहा-एक रीडिंग घ्या, रेझिनच्या ठरलेल्या आकड्याच्या ९० टक्क्यांखाली यायला लागलं तर रेझिन मऊ पडतंय. गेज टोचल्याचा बारीक खड्डा पडतो, म्हणून उगाच शंभर ठिकाणी टोचत सुटू नका. अल्ट्रासॉनिक जाडी मोजायची असेल तर लोखंडावर सेट केलेलं मशीन इथे चुकीचं दाखवतं. टाकी बनवताना नोझलसाठी कापलेल्या चकत्या मागून घ्या, लेबल लावून जपून ठेवा, त्याच्यावर मशीन सेट करता येतं आणि मूळ लॅमिनेट (थरांची भिंत) कसं होतं तेही पाच वर्षांनी कळतं. नवीन ऑर्डर देतानाच लिहून घ्या, नाहीतर त्या भंगारात जातात.

बाहेरून पॅच

लीकवर बाहेरून एपॉक्सी लावून काम भागवणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. अॅसिड आतून धाग्यांत शिरलेलं असतं, पॅचच्या मागे पसरत राहतं आणि वीतभर खाली दुसरीकडून बाहेर येतं. रिपेअर आतूनच, चांगला कडक थर लागेपर्यंत ग्राइंड करून, न्यूट्रल करून, पूर्ण सुकवून, मग मॅट, मग टिश्यू, आणि शेवटचा कोट मेणवाल्या रेझिनचा, नाहीतर हवेमुळे वरचा थर चिकटच राहतो. सुकल्यावर अॅसिटोनचे चार थेंब टाकून बोटाने चोळा. चिकट लागलं तर रेझिन नीट पिकलेलं नाही, टाकी चालू करू नका.

मिक्सिंग करणाऱ्या हेल्परला एक गोष्ट समोर बसवून सांगा. कोबाल्ट (रेझिन पिकण्याचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर (रेझिन पिकवणारं) एकमेकांत कधीच थेट ओतायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, हार्डनर त्यानंतर. दोघांचे मोजायचे मग आणि कपाट वेगळे, आणि बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नाव.