नेपाळच्या बालगृहात सेवेला जाण्याआधी

आमच्या मंडळीतली (चर्चमधली) तरुण मुलं विचारतात, "मावशी, नेपाळला अनाथ मुलांच्या सेवेला जायचंय, तयारी काय करू?" मी सगळी नोकरी मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून केली. नेपाळला जाणाऱ्या गटाची तयारीही मीच करून घेते. माझं पहिलं सांगणं असतं की तिकीट नंतर काढा, आधी बालगृहाला पत्र लिहा.

पत्रात सरळ विचारा. किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत? दशैंच्या (नेपाळच्या मोठ्या सणाच्या) सुट्टीत किती मुलं घरी जातात? गेल्या वर्षभरात किती मुलं कायमची आपल्या माणसांत परतली? असं विचारायचा संकोच वाटतो, पण विचाराच. १९९६ ते २००६ च्या यादवीत हुम्लासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतून दलालांनी मुलं काठमांडूला आणली. चांगल्या शाळेत घालतो म्हणून आईबापांकडूनच पैसे घेतले आणि कागदोपत्री त्या मुलांना अनाथ ठरवलं. आजही बालगृहांची गर्दी काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या ठिकाणीच आहे. २०१५ च्या भूकंपानंतर तर मुलांना योग्य कागदांशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला बंदी घालावी लागली. म्हणून "कधीही या, मुलं तुमच्यासाठी नाच बसवतील" असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका. उलट त्यांनीच तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि पाळकांचं पत्र मागितलं, तर जागा चांगली आहे असं समजायला हरकत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिसा लागत नाही, पण आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. तुम्ही करणार ते काम तिथल्या नियमात बसतं का, हे संस्थेकडून लेखी घ्या. नेपाळात धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. तुमच्या उत्साहाची किंमत तिथल्या विश्वासणाऱ्यांना मोजावी लागू शकते. मुलांमध्ये पत्रकं वाटू नका, त्यांच्याकडून प्रार्थना पाठ करून घेऊ नका. स्वतःच्या उपासनेसाठी शनिवारी स्थानिक मंडळीत जा. तिथे सुट्टी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारी. "जयमसी" म्हटलंत की लोक आपलेपणाने बसवून घेतात.

आता खरं काम. पहिल्याच दिवशी दोन-तीन वर्षांचं पोर धावत येऊन गळ्यात पडेल. तुम्हाला भरून येईल. वॉर्डात मी हे फार पाहिलं आहे. घरात वाढलेलं लेकरू अनोळखी माणसाला आधी बुजतं, आईचा पदर धरतं. जे कुणाच्याही कडेवर चढतं, त्याला धरायला कायमचं एक माणूस मिळालेलं नसतं. तुम्ही दोन आठवडे लळा लावून गेलात की त्याच्या वाट्याला आणखी एक ताटातूट येते. त्याला झिडकारू नका. खाली बसा, हसा, आणि हात धरून त्याच्या दिदीकडे न्या. रोज भरवणारी, झोपवणारी तीच आहे आणि तुम्ही गेल्यावरही तीच असणार आहे.

म्हणून तुमचे हात दिदींच्या कामाला लावा. भांडी, धुणं, भाजी चिरणं, गळकी टाकी दुरुस्त करणं, ही कामं तुम्ही उचललीत की तिला मुलांजवळ बसायला वेळ मिळतो. नर्स असाल तर प्रथमोपचार, खरूज आणि उवांवरचा उपाय, लसीकरणाच्या नोंदी दिदींनाच शिकवा. हिशेब येत असेल तर कार्यालयात बसा. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, आंघोळ घालायची नाही, फोन नंबर द्यायचा नाही. ओळखू येईल असा चेहऱ्याचा फोटो काढायचा नाही, मंडळीला दाखवायलासुद्धा नाही.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मदतीला परदेशातून आलेल्या बायकांपैकी कित्येक जणी वर्षानुवर्षं राहिल्या, मराठी शिकल्या. तेवढं देता येत असेल तर मुलांच्या रोजच्या संगोपनाचा विचार करा. सुट्टीपुरते जात असाल तर वर सांगितलेलं काम पुरेसं मोलाचं आहे.

निघायची तारीख मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. "परत येईन" म्हणू नका. खेळण्यांच्या पिशव्या नेऊ नका. गोळा केलेली देणगी मुलांना घरी पोचवण्यासाठी आणि घरी परतलेल्यांच्या शाळेच्या खर्चासाठी द्या, त्याची पावती घ्या, आणि सहा महिन्यांनी पत्र लिहून विचारा की ती मुलं अजून घरीच आहेत ना, शाळेत जातात ना.