पार्सल फोडल्यावर उरलेल्या पसाऱ्याचं करायचं काय?

मागवला इअरफोन, आला चपलांचा जोड मावेल एवढ्या खोक्यात, आत हवेच्या पिशव्या कोंबलेल्या. मग आपण सगळं एकत्र चुरगळतो आणि डब्यात टाकतो. माझ्या मते घोळ इथंच होतो, कारण एकदा मिसळलं, ओलं झालं की नंतर ते कुणी निवडत बसत नाही. फोडतानाच दोन मिनिटं द्या.

आधी खोका. ओरबाडून फाडू नका, कटरने फक्त टेपवरून हलका काप द्या म्हणजे खोका अख्खा राहतो आणि वस्तू परत करायची वेळ आली तर तोच कामाला येतो. नको असेल तर खालची टेपही कापून चपटा करा आणि कोरड्या जागी ठेवा. पुठ्ठ्याचे धागे साधारण 5 ते 7 वेळा परत वापरता येतात (दर वेळी आखूड होत जातात), पण तेलकट किंवा भिजून कुजलेला पुठ्ठा कुणी घेत नाही.

टेपच्या मोठ्या पट्ट्या ओढून काढा, कोपऱ्यात इवलासा तुकडा राहिला तर नखं मोडत बसू नका, पेपर मिलमध्ये पुठ्ठ्याचा पाण्यात लगदा करतात तेव्हा तो गाळणीत अडकतो. लेबल मात्र काढाच. एक तर त्यावर तुमचं नाव, पत्ता, नंबर असतो, आणि दुसरं म्हणजे ते बऱ्याचदा थर्मल कागदाचं असतं, म्हणजे शाई नाही, उष्णतेने काळं पडणारं केमिकल, त्यात बिस्फेनॉल (शरीराला अपायकारक मानलं जाणारं रसायन) असू शकतं. बारीक फाडून सुक्या कचऱ्यात टाका, रद्दीत नको.

आता प्लास्टिक, खरी डोकेदुखी. पिशवीवर त्रिकोणात आकडा असतो. 2 म्हणजे एचडीपीई (जरा कडक पॉलिथिन), 4 म्हणजे एलडीपीई (मऊ, लवचिक पॉलिथिन), बबल रॅप आणि हवेच्या पिशव्या बहुतेक 4 नंबरच्या. त्रिकोण दिसला म्हणजे रिसायकल होणारच असं अजिबात नाही हं, तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. पिशव्यांतली हवा काढा, स्टिकर कापून टाका आणि सगळं पातळ प्लास्टिक एकाच पिशवीत वेगळं साठवा, बाटल्या-डब्यांत मिसळू नका, कारण ते कचरा निवडणाऱ्या मशीनच्या फिरत्या चाकांना गुंडाळलं जातं आणि मशीन बंद करून हाताने कापून काढावं लागतं. साठलं की भंगारवाल्याला पातळ प्लास्टिक घेतात का विचारूनच द्या.

बाहेरून कागद, आतून बबल अशी पाकिटं येतात ना, ती मला सगळ्यात खोटारडी वाटतात. थर सुटे होत असतील तर वेगळे करा, नाहीतर तेच पाकीट परत वापरा. थर्माकोल (6 नंबर) जवळपास सगळा हवाच असतो, त्यामुळे वाहून नेणं कुणाला परवडत नाही. चुरा करू नका, दाणे उडून नाल्यात जातात, आणि जाळू तर मुळीच नका. खोक्यात भरलेले शेवयांसारखे तुकडे असतील तर एक पाण्यात टाका, विरघळला तर स्टार्चचा, तरंगत राहिला तर थर्माकोल.

खरी बचत मात्र ऑर्डर करतानाच होते. लागणाऱ्या वस्तू कार्टमध्ये साठू द्या आणि एकत्र पाठवायचा पर्याय असेल तर तोच घ्या, दोन साइज मागवून एक परत करायची सवय सोडा कारण परतीच्या प्रवासाला पुन्हा टेप, पुन्हा गाडी. आणि खोका उगाच मोठा आला तर फोटो काढून रिव्ह्यूमध्ये टाका. हवाई कुरियरवाले साधारण लांबी × रुंदी × उंची (सेंमीमध्ये) भागिले 5000 असं किलोत वजन धरून पैसे लावतात, म्हणजे 40 × 30 × 20 चा खोका आत 200 ग्रॅमची वस्तू असली तरी 4.8 किलोचा मोजला जातो, तेव्हा ही तक्रार विकणाऱ्याच्याही खिशाला समजते.